पाटकऱ्याचा पाट

पाटाला पाणी सुटलं की कानिफनाथ आबांच्या तळपायाला आधी कळायचं. आता हे काही खरं नव्हे. पाणी सुटल्याचा निरोप हल्ली मोबाईलवर फिरतो, आणि आबांना पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली. पण आबा म्हणत तळपायाला कळतं, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाच्या तळपायाशी वाद कोण घालत बसणार? पहाटे अंथरुणात डोळे मिटूनच ते म्हणायचे, "आलं बरं का. वरच्या पुलाखालून निघालं." शेजारून चांगुणाबाई म्हणायच्या, "पडा गप. पाणी येईल त्याच्या पायानं."

आबा पाटकरी होते. धरणातून आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं की त्याच्या तोंडासंगं चालायचं, ही त्यांची चाकरी. कुठं उंदरानं भराव पोखरलाय, कुठल्या चारीचं, म्हणजे पोटपाटाचं, दार उघडं राहिलंय, कुठल्या शहाण्यानं हळूच पाट फोडून आपल्या उसात पाणी घेतलंय, ते बघत बघत पार पुणतांब्याच्या अलीकडं, पाटाच्या शेपटापर्यंत जायचं. शेपटाच्या शेतकऱ्यांचं नशीब तुम्हाला ठाऊकच आहे. वरची मंडळी पोटभर पितात आणि खालच्यांच्या वाट्याला ओलावा येतो. आबांच्या काळात मात्र शेपटाला पाणी पोचायचं. त्याचा त्यांना असा काही ताठा होता की विचारू नका.

आणि पाण्याचं तोंड कधी पाहिलंय तुम्ही? कोरड्याठाक पाटात, जिथं काल पोरं क्रिकेट खेळत होती, तिथं पहाटेच्या धुक्यात ते हळू सरकत येतं. पुढं पालापाचोळा, बाभळीच्या शेंगा, एखादी तुटकी चप्पल, फेसाचा गोळा. सगळं ढकलत, चाचपत, थांबत येतं. त्याचा आवाज पाण्यासारखा नसतोच. कोणीतरी नवं लुगडं नेसून वाळल्या पानांवरून चाललंय असं वाटतं. आबा त्याच्या चार पावलं पुढं चालायचे, आणि चालता चालता त्यांना वाटायचं की आपण जागे नाही, कुणाच्या तरी स्वप्नात चाललोय. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाटकऱ्यानं असलं काही बोललं तर लोक पाणीचोर सोडून त्यालाच धरतील.

यंदा आबांच्या नातीचं लग्न ठरलं. नात संस्कृती, म्हणजे आबांच्या मुलाची, गोरक्षची, थोरली लेक. संगमनेरला एका दूधसंघात नोकरी करते, बोलायला फटकळ आणि जीव लावायला तशीच घाईची. लग्नासाठी रजा टाकून घरी आली, आणि पहिल्याच दुपारी जेवायला बसल्या बसल्या तिनं विषय काढला.

"आबा, तुमचा पाण्याचा पाट. हा बसायचा पाट. ज्वारी भरतो ते गोणपाट. सगळीकडं पाटच पाट! कुठून आला असेल हा शब्द?"

"आन् आबांनी जत्रंत पाट केल्ता, तो र्‍हायला की," गोरक्ष म्हणाला.

झालं, घर हसण्यात बुडालं. आबांनी तरुणपणी जत्रेतल्या नाटकात राणीचं काम केलं होतं. लुगडं, अंबाडा सगळं जमलं, पण मिशी काढायला गडी तयार होईना. शेवटी राणी तोंडावर पदर घेऊनच राज्यकारभार बघत राहिली.

"तो पाट इंग्रजांचा," संस्कृती डोळे पुसत म्हणाली. "पार्टचा झालाय पाट. आमच्या कॉलेजातल्या सरांना मी मुद्दाम फोन करून विचारलं. लाकडाचा पाट जुन्या पट्ट शब्दातून आला म्हणे. पट्ट म्हणजे सपाट फळी. कापडालाही तसंच काहीसं म्हणायचे, म्हणून गोणपाट. पाण्याचा पाट त्यांच्याच भावकीतला असेल, पण सर म्हणाले, शपथेवर सांगत नाही."

"शपथ कशाला पायजे?" आबा म्हणाले. "पाणी बसत न्हाई म्हणून त्याला चालता पाट दिलाय."

"आणि अजून एक पाट सांगितला सरांनी. पूर्वी विधवा बाईचं दुसरं लग्न व्हायचं, त्याला लग्न म्हणत नसत. पाट लावला, म्हणायचे. जोडप्याला पाटावर बसवायचे त्यावरून नाव पडलं, असं कुणी म्हणतं, कुणी दुसरंच काही. आबा, असायचं का हो असं आपल्याकडं?"

गोरक्ष ताटात बघू लागला. त्याची बायको पूजा आमटी वाढत होती, तिचा हात वाटीवर तसाच राहिला. आबांनी घास चावला तो चावतच राहिले.

"आसायचं," चांगुणाबाई म्हणाल्या. "भाकर घे आजून." आणि त्या उठून आत गेल्या.

पोरीला काय माहीत! तिनं ताटावरूनच हाक दिली, "आजी, आणि माझ्या हळदीला पहिली हळद तू लावायची हं! मी ठरवून टाकलंय."  आतून नुसती भांडी वाजली.

संध्याकाळी गोरक्षनं लेकीला अंगणात घेऊन काय ते सांगितलं. ती आबांजवळ आली तेव्हा नाक लाल झालं होतं. "आबा, मला खरंच माहीत नव्हतं."

"ठाव आसतं तर काय केलं आसतंस?"

"तरी हेच म्हणाले असते. पहिली हळद आजीची."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

चांगुणाबाई जामखेडच्या पलीकडच्या. तिकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारं चकाकतं नाणं. पहिलं लग्न सतराव्या वर्षी झालं. दोन पावसाळे गेले, आणि विहीर खोदताना दरड कोसळून नवरा गेला. भावाच्या घरी त्या शेण-पाणी करीत राहिल्या. कानिफनाथ तिकडं एका सोयऱ्याकडं गेले होते. डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढणारी बाई त्यांनी पाहिली, आणि पाणी पाटानं आणणारा हा माणूस तिथंच ढासळला.

पण त्यांचं पहिलं लग्न व्हायचं होतं, आणि बिनलग्नाच्या गड्यानं विधवेशी थेट पाट लावायचा नाही अशी भावकीची रीत. आधी रुईच्या झाडाशी लग्न. म्हणून पाटाच्या भरावावरच्या एका रुईला हळद लावली, मुंडावळी बांधल्या, अक्षता टाकल्या. तेव्हा आबांची पहिली बायको म्हणजे ते रुईचं झुडूप. चांगुणाबाई चांगल्या मूडमध्ये असल्या की म्हणायच्या, "जावा, तुमच्या पहिलीकडं जाऊन बसा. माझी सवत लई गुणाची, तोंड उघडीत न्हाई." भरावावर कुठंही रुई दिसली की त्या तिला सवत म्हणत. त्यांच्या सवतींची गणती नव्हती.

रुईला हळद लागली. चांगुणाला नाही. पाटाच्या बाईला कसली हळद? उजाडायच्या आत, गावाबाहेर, घोंगडीवर बसवून उरकलं. वाजंत्री नाही, सवाशिणी नाहीत. बसायला लाकडाचा पाट मागितला तर कुणी घरातला दिला नाही. आणि वरून एक रीत अशी की पाटाच्या बाईचं तोंड त्या सकाळी कुठल्या सवाशिणीनं बघू नये. सूर्य वर येईपर्यंत तिला घरी आणायचं नाही.

मग जायचं कुठं? नेमकं त्याच पहाटे पाटाला पाणी सुटलं होतं, आणि कानिफनाथ ड्यूटीवर होता. तो म्हणाला, "चल माझ्यासंगं." आणि ती दोघं पाण्याच्या तोंडासंगं चालत निघाली. धुकं असं की पाट कुठं संपतो आणि आभाळ कुठं लागतं ते कळेना. चांगुणानं चालतं पाणी कधी पाहिलं नव्हतं. ते खड्ड्यापाशी थांबलं की तीही थांबायची, खड्डा भरून ते पुढं निघालं की तीही निघायची. एकदा खाली वाकून म्हणाली, "ये बाई, ये. वाट चांगली हाय." तेव्हा कानिफनाथला वाटलं की आपली वरात निघालीय आणि अशी वरात गावात कुणाची निघाली नव्हती. आजही डोळे मिटले की त्यांना ती पहाट दिसायची, आणि तीत कोण कुणाला घेऊन चाललंय ते नीट कळायचं नाही.

शेपटाला गोजरबाई नावाची बाई राहायची, आबांपेक्षा बरीच मोठी. तिकडच्या बायकांची रीत अशी की आवर्तनाचं पहिलं पाणी पोचलं की त्याला हळद-कुंकू लावायचं, खणानारळानं ओटी भरायची. पाणी लेकीसारखं लांबून चालत येतं म्हणून. कानिफनाथनं आदल्या दिवशी सायकल मारून गोजरबाईला गाठलं होतं. "मावशे, उद्या पाण्यासंगं माझ्या पाटाची बाई यील. पाण्याला लावशील तशी तिलाबी हळद लाव." गोजरबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग म्हणाली, "लावीन. पर माझ्या सासूच्या कानावर जाऊ देऊ नको, घर डोक्यावर घील."

आणि तिनं लावली. पाण्याची ओटी भरली, आणि वर बघून जणू आत्ताच दिसल्यासारखं म्हणाली, "अगं बया, तू बी आलीस व्हय पाण्यासंगं!" दोन्ही गालांना हळद, कपाळाला कुंकू.  कानिफनाथनं तोंड फिरवलं, कारण त्याला रडू येत होतं.

एवढीच हळद त्या बाईला आयुष्यात दुसऱ्यांदा लागली. पुढं गावात कुणाचीही हळद असो, चांगुणाबाई चुलीपाशी तरी सापडायच्या नाहीतर पाटावर. बोलावलं तर गुडघा दुखायचा. गोरक्षच्या लग्नातही हळदीच्या वेळी त्या गायब. आबांना वाटायचं, बायकांच्या जिभेला भीत असेल. मग बायकाही बदलल्या, जुन्या गेल्या, नव्या सुनांना पाट म्हणजे काय तेही ठाऊक नाही, तरी हिचं आपलं तेच. आबांनी कधी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारायच्या कशा, हे त्यांना पाटबंधारे खात्यानं शिकवलं नव्हतं.

आता मात्र त्यांनी मनावर घेतलं. चारीचं जुनं लाकडी दार बदलून खात्यानं लोखंडी बसवलं, तेव्हाची सागाची फळी आबांनी उचलून आणली होती. शेतातल्या पाण्याच्या दंडावरून जायला पूल म्हणून ती वर्षानुवर्षं पाण्यात पडली होती. आबांनी ती बाहेर काढली, घासली, आणि गावातल्या सुताराकडं नेली. "नातीच्या हळदीला पाट करायचाय."

सुतार म्हणाला, "आबा, फळी पाणी प्यालीय. सावलीत सुकू द्या चांगली. आत्ता पाट केला तर पीळ पडंल."

"पाण्यात वाढलेल्या लाकडाला पाण्याचं कसलं भ्या?" आबा म्हणाले. आयुष्यभर पाण्यावर भरवसा ठेवलेल्या माणसाची ही चूक. सुतारानं कपाळाला हात लावला आणि रंधा घेतला.

पाट झाला तेव्हा देखणा दिसत होता. आबा रोज त्याला तेल लावून ओसरीवर उन्हात ठेवायचे. उन्हात! चांगुणाबाई येता-जाता बघायच्या, बोलायच्या नाहीत. एकदा मात्र त्यांनी हात फिरवला. आबांनी झोपल्याचं सोंग केलं.

हळदीचा दिवस उजाडला आणि त्याच दिवशी आवर्तन होतं. मांडवात बायका जमल्या, हळदीचं ताट आलं, संस्कृती पिवळी साडी नेसून तयार. "आजी कुठंय?" चुलीपाशी नाही. गोठ्यात नाही. पूजानं आबांकडं बघितलं. आबांनी चपला घातल्या.

भरावावर रुईच्या झुडपाशेजारी चांगुणाबाई बसल्या होत्या. पाट अजून कोरडा होता. आबा धापा टाकत शेजारी टेकले.

"सवतीकडं आलीस व्हय?"

"तुमी कशापायी आलात? तिकडं मानसं खोळंबतील."

"तुझ्यासाठीच खोळंबलीत. पोरगी हटून बसलीय." आबांनी श्वास घेतला. "आता कोन काय म्हनणार हाय गं? म्हननारी सगळी मातीत गेली."

"मी लोकास्नी भीत न्हाई." चांगुणाबाई कोरड्या पाटाकडं बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्या गोजरबाईला मी फसवलं."

आबांना काही उमगेना.

"भोळी बाई. पाण्यासंगं आले म्हणून तिला वाटलं कुनी सवाशीण हाय. चुकून हळद लावली तिनं. अन् मी तोंड उघडून म्हनाले न्हाई, की आक्का, मी पाटाची हाय, मला नगं. मला हळद पायजे हुती, म्हणून गप ऱ्हायले. पुढं ती मेथी घिऊन यायची, वांगी घिऊन यायची, मी मागल्या दारानं निघून जायची. कसं तोंड दाखवू? शेवटी आजारी पडली तवा बी गेले न्हाई. तिची चोरलेली हळद माझ्या अंगावर हाय, अन् मी नातीला कशी लावू? तिच्या संसाराला लागली म्हंजे?"

 आयुष्यात आबांनी या बाईला एकच गोष्ट खऱ्या अर्थानं दिली होती. आणि ती तिनं चोरीचा माल समजून इतकी वर्षं छातीशी लपवली होती. आणि ते तिच्याच शेजारी निजून पाण्याची स्वप्नं बघत होते. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावी असं त्यांना वाटलं.

"चांगुणे," ते म्हणाले. नावानं हाक त्यांनी कैक वर्षांत मारली नव्हती. "तिनं चुकून न्हाई लावली. म्या सांगितलं हुतं. आदल्या दिशी सायकलवर गेल्तो तिच्याकडं. तू कोन, कशी येनार, समदं सांगितलं. तिला ठाव हुतं. ठाव आसून लावली तिनं."

चांगुणाबाई वळल्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या, जणू तिथं काही लिहिलं होतं आणि त्यांना वाचता येत नव्हतं.

"अन् हे मला आज सांगताय?"

"मला वाटलं, तुला ठाव हाय."

"ठाव हाय!" त्या ताडकन उठल्या. गुडघा कुठला दुखतोय! "तुमच्या जिभंला काय हाड आलंय का काय? पाटाची दारं उघडत हिंडलात जलमभर, तोंडाचं दार तेवढं उघडलं न्हाई! ती बाई दारात भाजी घिऊन उभी ऱ्हायची अन् मी, मी मागल्या दारानं..." पुढं त्यांना बोलवेना. पदर तोंडाला लावून त्या हुंदके देत उभ्या राहिल्या. आबाही रडत होते. रुई तेवढी गप होती.

तेवढ्यात वळणावरून तो आवाज आला. वाळल्या पानांवरून चालणाऱ्या नव्या लुगड्याचा. पाचोळा, शेंगा, फेस, सगळं ढकलत पाणी आलं. चांगुणाबाई भरावावरून खाली उतरल्या, त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, तोंडाला लावलं, आणि शेपटाच्या दिशेनं बघत हात जोडले. "आक्का," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येईपर्यंत त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मांडवात आल्या, हात-पाय धुतले, आणि ताटापाशी जाऊन म्हणाल्या, "कुठाय हळद?"

संस्कृती आबांच्या पाटावर बसली आणि पाट डुगडुगला. सुतार म्हणाला तेच झालं होतं. लाकडाला पीळ पडून एक कोपरा अधांतरी राहिला होता. पोरीचा तोल गेला, बायका फिदीफिदी हसल्या, पूजा म्हणाली, "दुसरा पाट आणते." आबांचं तोंड एवढंसं झालं.

"नगं. हाच ऱ्हाऊ द्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमी हिकडं या. पाय द्या त्या कोपऱ्यावर."

आबा पुढं झाले आणि त्यांनी अनवाणी पाय पाटाच्या कोपऱ्यावर दाबून धरला. पाट स्थिर झाला. चांगुणाबाईंनी दोन्ही हात हळदीत बुडवले आणि नातीच्या गालांना, कपाळाला, दंडांना, पावलांना सावकाश हळद लावली. मांडवात कोणी हसत नव्हतं. संस्कृती आजीकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी हळदीतून ओघळत होतं.

बोटांना थोडी हळद उरली होती. चांगुणाबाई खाली वाकल्या आणि पाटाच्या कोपऱ्यावरच्या त्या भेगाळल्या, म्हाताऱ्या पायाला त्यांनी ती लावली. अगदी तळपायाच्या कडेपर्यंत.

"ही बी चुकून न्हाई," त्या म्हणाल्या. "आत्ताच सांगून ठिवते."